शेवटचं पान मी खोटं काढलं

"मुलगी केवढी आहे तुमची?" डॉक्टरबाईंनी आधी हे विचारलं. कागद टेबलावर होता आणि त्यावर त्यांनी पालथा पंजा ठेवला होता. मी म्हटलं, सात वर्षांची, दुसरीत जाईल. तेव्हा त्यांनी पंजा उचलला. "सुमनताई, दोन्ही तपासण्यांत तेच आलंय. तुमच्या रक्तात एचआयव्ही आहे."

मुंबईचं मोठं सरकारी हॉस्पिटल, सत्त्याण्णव साल, चैत्र महिना. बाहेरच्या बाकड्यावर माझी सोनल वेफर्स खात बसली होती. मी विचारलं, म्हणजे एड्सच ना? त्या म्हणाल्या, अजून नाही. एचआयव्ही हा विषाणू, डोळ्यांना न दिसणारा जंतू. तो शरीरात शिरला की वर्षानुवर्षं आतून ताकद खातो. ताकद पार संपली आणि एकामागून एक आजार चिकटायला लागले की त्याला एड्स म्हणायचं. मी म्हटलं, बाई, गाडी शेवटी जाणार तिथेच जाणार, मधली स्टेशनं कशाला सांगता? त्या हसल्या नाहीत. मीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मी अशीच आहे, तोंडाची फटकळ. पेणला रामवाडीत राहायचे आणि गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायांसाठी, ज्यांच्या घरात हा आजार आहे, लहान मूल आहे, आणि मुलाला काय सांगावं ते कळत नाही. शहाणपण शिकवायला नाही लिहीत. मी कुठे चुकले ते लिहिते.

सुरुवात नागिणीने झाली. डॉक्टर त्याला हर्पिस झोस्टर म्हणतात. कमरेच्या एका बाजूला पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो आणि आग आग होते. आमच्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड नि शेपूट एक झालं की माणूस गेला. शेजारणीने गेरू लावायला सांगितला. गेरूला आमच्या कारखान्यात काय तोटा! आठ दिवस कमरेला गेरू फासून कामावर गेले. फोड सुकले, आग राहिली. मग जिभेवर दह्यासारखं पांढरं आलं. ती बुरशी होती, कॅन्डिडा नावाची. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पेणच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि विचारलं, "मिस्टर कशाने गेले तुमचे?"

माझा नवरा रोह्याला केमिकल कंपनीत होता, शिफ्टची नोकरी. आदल्या पावसाळ्यात गेला. ताप, जुलाब, शेवटी नुसती हाडं राहिली. आम्हाला सांगितलं पोटाचा टीबी. त्याला स्वतःला खरं माहीत होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही. माहीत असून त्याने ताकास तूर लागू दिली नसेल, तर मी त्याला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मग मागे राहिलेल्या बाईने काय करावं?

सोनलचंही रक्त घेतलं. एलायझा नावाची तपासणी असते. जंतू शरीरात आल्यावर त्याच्याविरुद्ध ज्या खुणा रक्तात तयार होतात त्या ती शोधते. रिपोर्टला आठ दिवस लागतात. ते आठ दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. कारखान्यात मूर्तीच्या शेल्याला काठ भरताना मला वाटायचं, देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिला सोड. ती निगेटिव्ह निघाली. म्हणजे तिला लागण नाही. मला लागण झाली ती तिच्या जन्मानंतर कधीतरी असणार. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून गळा काढून रडले. लोकांना वाटलं माझं कुणी गेलं.

औषधाचं विचारलं तेव्हा डॉक्टरबाई खरं बोलल्या. "परदेशात औषधं निघाली आहेत. पण ती इथे आपल्या आवाक्यात नाहीत. मधले आजार येतील त्यांच्यावर आपण उपचार करत राहू." आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार.

पेण केवढंसं! महिन्याभरात सगळीकडे झालं. कुणी सांगितलं ते शोधून उपयोग नव्हता. एक दिवस कारखान्याचे काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी एका दोन फुटी मूर्तीचं सोवळं रंगवत होते. "सुमन, राग नको मानू गो. लोक देव घरात नेऊन पुजतात. उद्या कुणी बोललं तर माझा सीझन जाईल." मी म्हटलं, "काका, देवाला लागण होते व्हय?" ते म्हणाले, "देवाला नाय होत गो. लोकांना वाटतं ना." चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ब्रश धुतला, पदराला हात पुसले आणि घरी आले. सोळा वर्षं केलेलं काम. जाताना त्यांनी उरलेल्या रंगांच्या बाटल्या पिशवीत भरून दिल्या. त्या फेकाव्याशा वाटल्या, पण मी घेतल्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शाळा सुरू झाली आणि एका दुपारी सोनल जेवायला बसली ती तिचं ताट घेऊन पलीकडे, भिंतीशी सरकली. मी म्हटलं, इकडे ये. ती म्हणाली, "शाळेत पोरी बोलतात तुला एड्स हाय. तुझ्या भांड्यातलं पाणी प्यायलं की मी पण मरनार." माझ्याकडे न बघता बोलली. मग हळूच म्हणाली, "मी तुझ्यावर रागावली नाय, आई. मला भीती वाटते."

मी दोन घास गिळले आणि उठले. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना विचारलं, लहान मुलांना सांगायला काही आहे का तुमच्याकडे? त्यांनी कपाट उघडलं. पोस्टर होती, पत्रकं होती, सगळी मोठ्यांची. एकावर तर कवटी आणि खाली दोन हाडं होती. हे मी माझ्या पोरीला दाखवू? त्या म्हणाल्या, "लहानांसाठी आमच्याकडे काहीच नाही हो. तुम्ही रंगकाम करता ना? तुम्हीच काढा. बरोबर काय, चूक काय, ते मी तपासून देते."

म्हणून मी पुस्तक काढलं. जुन्या कॅलेंडरांची पानं, मागची कोरी बाजू. दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवली. पहिल्या पानावर शरीर म्हणजे एक कंपनी काढली, कारण सोनलने पप्पांची कंपनी बाहेरून पाहिली होती. गेट, कंपाउंड आणि लाठी घेतलेले पांढऱ्या कपड्यांतले वॉचमन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी असं काम करतात, बाहेरचा जंतू आला की त्याला हाकलतात. दुसऱ्या पानावर हा नवा जंतू. तो गेटवर भांडत नाही. तो थेट वॉचमनच्याच खोलीत शिरतो आणि तिथे बसून आपल्यासारखे शेकडो करतो. मग गेट उघडंच. साधी सर्दी पण आत येऊन बसते.

पुढची चार पानं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती. एका भांड्यातून पाणी पिणाऱ्या आई आणि मुलगी. एका गोधडीत झोपलेल्या. एकमेकींचा मुका घेणाऱ्या. मच्छर चावतोय, त्यावर मोठी लाल फुली. प्रत्येक पानाखाली लिहिलं, याने होत नाही. त्यानंतर एक पान रक्ताचं, दुसऱ्याला टोचलेल्या सुईने होतं ते. डॉक्टरबाईंनी बघून मान डोलावली आणि एकच सुधारणा सांगितली. रक्ताच्या पानावर सुईबरोबर ब्लेडही काढायला सांगितलं.

आता चूक सांगते. जंतू दिसत नाही, मग काढायचा कसा? डॉक्टरबाईंनी पुस्तकातला फोटो दाखवला होता, काटेरी चेंडूसारखा. पण माझा हात कारखान्यातला. तिथे देखाव्यांसाठी मी इतके असुर रंगवले होते की ब्रश टेकवला आणि असुरच उतरला. आकडेबाज मिशा, लाल डोळे, काळंनिळं अंग. आणि एकदा असुर आला की पुढचं ठरलेलंच. शेवटच्या पानावर मी गणपती काढला. हातात पाश, अंकुश, एक पाय असुराच्या छातीवर. ते पान डॉक्टरबाईंना दाखवलं नव्हतं, नंतर घरी बसून काढलं. सगळ्या पुस्तकात तेच सर्वांत देखणं झालं होतं. खाली मी लिहिलं, बाप्पाने त्याला हरवलं.

का लिहिलं? माझी हिंमत झाली नाही म्हणून. दुसरं काय काढणार होते मी शेवटी?

सोनलला पुस्तक एवढं आवडलं की तिला ते आठ दिवसांत पाठ झालं. पहिल्याच रात्री ती माझ्या गोधडीत आली. माझ्या भांड्यातून मुद्दाम घोट घेऊन माझ्याकडे बघून हसायची. मला वाटलं, जिंकलं.

गणपतीला आम्ही रोह्याला गेलो, माझ्या नणंदेकडे. वन्सं तिथे शाळेत शिपाई आहेत, एकट्या राहतात, पण गणपती पाच दिवसांचा आणतात. दिव्याहून येणाऱ्या गाडीत नागोठणं गेलं, निडी गेलं, तरी सोनल पुस्तक छातीशी धरून बसली होती. वन्सं चांगल्या, पण भ्यायलेल्या. माझ्यासाठी कपबशी वेगळी, खिडकीत उपडी घातलेली. मोदक करायला बसले तर म्हणाल्या, "तू पड जरा, दमली असशील." मी काय ते समजले आणि पडले.

विसर्जनाच्या दिवशी कुंडलिकेच्या काठावर आरती झाली. मूर्ती पाण्यात गेली आणि पाटावरून काहीतरी रंगीत तरंगत वर आलं. वन्सं ते काठीने ओढायला गेल्या तर सोनल किंचाळली, "नको काढू आत्या! त्याला जाऊ दे!" मी वाकून पाहिलं. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावरचा माझा असुर होता. पोरीने तो कात्रीने नीट कापून मूर्तीखाली पाटावर ठेवला होता, पाचही दिवस. बाप्पा जाताना त्याला बरोबर घेऊन जाणार म्हणून.

घरी येताना ती उड्या मारत होती. "आई, आता मुंबईला जाऊ. आता बघ रक्त कसं येतं." मला तेव्हाच बोलता आलं असतं. रस्ताभर मी शब्द जुळवत होते आणि गिळत होते. तुम्हाला सांगते, मुलाशी खोटं बोलणं सोपं असतं. कठीण असतं ते त्याच्या आनंदाच्या मधे उभं राहून खरं सांगणं. मी नाही सांगितलं.

मुंबईला गेलो तेव्हा माझं वजन आणखी उतरलं होतं आणि खोकला महिनाभर हटला नव्हता. एक्स-रे काढला, तीन दिवस थुंकी तपासली. फुप्फुसाचा टीबी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वॉचमन कमी झाले की टीबी लगेच संधी साधतो. ॲडमिट व्हा." सोनल माझा पदर धरून उभी होती. तिने विचारलं, "पन तो असुर गेला ना? आम्ही बुडवला." डॉक्टरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितलं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तो आईच्या रक्तात आहेच बाळा. तो घालवायचं औषध आमच्याकडे नाही."

सोनल रडली नाही. तिने माझा पदर सोडला. "मग तू पुस्तकात खोटं काढलंस," म्हणाली. "मग ते भांड्याचं पन खोटं असेल."

बाई गं! नागिणीची आग, गिळता न येणं, काकांनी कामावरून काढणं, यांतलं काहीही मला एवढं लागलं नाही. एका खोट्या पानाने माझी चार खरी पानं खाल्ली होती. वन्संच्या शाळेत फोन करून निरोप दिला होता, संध्याकाळी त्या रोह्याहून तिला न्यायला आल्या, तेव्हा ती वळून न बघता गेली.

टीबीच्या वॉर्डात मी सात आठवडे होते. सुरुवातीला रोज पार्श्वभागात इंजेक्शन आणि चार प्रकारच्या गोळ्या. त्यांतली लाल कॅप्सूल घेतली की लघवी केशरी होते, ते कुणी आधी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. माझ्या केसपेपरवर लाल पेनाने खूण केली होती, त्यामुळे वॉर्डबॉय जेवणाचं ताट लांबून सरकवायचा. शेजारच्या खाटेवरची बाई दिवाळीच्या आदल्या दिवशी गेली. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं. मी तेव्हा ठरवलं होतं की आपणही आता गोळ्या बंद कराव्यात. उगाच गिळायच्या कशाला? दोन दिवस मी त्या उशीखाली ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या. खाटेच्या कडेला, अगदी माझ्याजवळ बसल्या. पिशवीतून डबा काढला, डब्याच्या झाकणात वरणभात कालवला आणि आधी स्वतः एक घास खाल्ला, मग त्याच हाताने मला भरवला. त्या म्हणाल्या, "तुझी पोर रोज ते पुस्तक काढून बसते. मला विचारते, आत्या, यात लिवलंय भांड्यातून होत नाय, ते खरं का खोटं? मी म्हटलं, मला नाय माहीत. तर म्हणते, मग तू आईचा कप वेगळा का ठेवलास? माहीत नसताना?" वन्संनी डोळे पुसले. "मी आमच्या शाळेच्या तपासणीला डॉक्टर येतात ना, त्यांना जाऊन इचारलं. ते बोलले, खरं हाय. सुमन, मी येडी गो. भावाला पण शेवटी मी लांबूनच पाणी दिलं."

त्या दिवशी मी उशीखालच्या गोळ्या नर्सला दाखवल्या आणि शिव्या खाल्ल्या. नंतर एकही चुकवली नाही. वन्संचे उपकार मी कुठे फेडू? त्यांच्या घरी खिडकीतली ती कपबशी आता नाही, कुठे गेली ते मी विचारलं नाही.

पेणची खोली सोडली. आता आम्ही दोघी रोह्याला वन्संकडेच आहोत. खोकला थांबला आहे, वजन दोन किलो वाढलं, पण जुलाब सुरू झालेत. डॉक्टरबाईंना मी सरळ विचारलं, किती? त्या म्हणाल्या, "वर्ष म्हणू शकते, कमीही असेल. खोटं आश्वासन नाही देणार." मला ते बरं वाटलं. मी मुलीला जे देऊ शकले नाही ते त्यांनी मला दिलं होतं.

मग मी शेवटचं पान फाडलं आणि नवीन काढलं. रेघा वाकड्यातिकड्या आल्या. वन्संचं घर, दारात चिकूचं झाड. ओट्यावर वन्सं तांदूळ निवडताहेत. सोनल दप्तर घेऊन पायऱ्या उतरते आहे. बस्स, एवढंच. खाली काही लिहिलं नाही. तिला बोलावून पान दाखवलं.

तिने घराच्या दारावर बोट ठेवलं. "तू आतमदी हायस? सैपाकघरात?"

"नाय सोनल. मी नाय त्यात."

"हॉस्पिटलात?"

"नाय. तेव्हा मी नसेन. मेलेली असेन."

"कधी?"

"ते डॉक्टरबाईंना पण माहीत नाय."

तिने पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. मग पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर निघून गेली. दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. वन्सं मला म्हणाल्या, "एवढं उघडं कशाला सांगितलंस? कोवळा जीव हाय तो." मलाही वाटत होतं की मी माझ्या हाताने तिचं बालपण मोडलं. आजही वाटतं. खरं सांगितल्याने बरं वाटतं असं कुणी तुम्हाला म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सांगणाऱ्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. फक्त मधली भिंत जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कंगवा आणि लाल रिबिनी घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. रोजच्यासारखी मी वेणी घालायला घेतली तर मान वळवून म्हणाली, "तू नको घालू. मला शिकव. आत्याची वेणी शाळेत जाईपर्यंत सुटते."

तिचे हात मागे पुरेसे पोचत नव्हते. मी तिचे केस पुढे खांद्यावर घेतले, तीन पेड करून तिच्या बोटांत दिले आणि सांगितलं, हा याच्यावरून, मग तो त्याच्यावरून. पहिल्या दिवशी नुसता गुंता झाला. ती चिडली, रिबीन फेकली, पुन्हा उचलली.

आज महिना झाला. आता ती स्वतःच्या दोन्ही वेण्या स्वतः घालते. भांग वाकडा पडतो, डावी वेणी उजवीपेक्षा वर बांधली जाते. मी समोर बसून बघत असते. माझे हात आपसूक पुढे जातात, म्हणून मी ते मांडीखाली दाबून ठेवते.